घर आणि घराच्या अटी



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आज या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम त्यांचे मनःपूर्वक आभार. येथून विद्वानांनी बोलावे अशी या मालेची परंपरा आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा परकी नावे उच्चारताना आमची जीभ अडखळली, तर ते आपण पोटात घालावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या बाहेर जी लाखो लहान लहान घरे उभी राहिली, त्यांविषयी आज बोलावयाचे आहे. हा विषय कळवला तेव्हा चालकांना थोडे नवल वाटले. बांधकाम मजुरांच्या संघटकाने किमान वेतनावर बोलावे, ठेकेदारीवर बोलावे. त्याने अमेरिकेतल्या बंगल्यांच्या चौकशा कशाला कराव्यात? पण घर हा आमच्या आयुष्याचाच विषय आहे. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो. १९८२ चा संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. संप लांबला, गिरणी सुटली आणि वडील गावी परतले. आम्ही मागे राहिलो आणि सोळाव्या वर्षी बांधकामावर बिगारी म्हणून घमेली वाहू लागलो. दुसऱ्यांची किती घरे आमच्या डोक्यावरून वर गेली याचा हिशेब नाही. स्वतःच्या घराला मात्र आम्हांला वयाची चाळिशी उलटावी लागली. घर पाहावे बांधून अशी आपल्यात म्हण आहे. ज्याने नुसते दुसऱ्याचेच बांधले त्यालाही त्यातले काही कळते, एवढ्या अधिकारावर आम्ही येथे उभे आहो.

आता मूळ कथेकडे वळू.

१९४५ साली युद्ध संपले आणि अमेरिकेचे लाखो शिपाई घरी परतले. परतले खरे, पण घर कोठे होते? १९२९ च्या मंदीपासून त्या देशात घरबांधणी मंदावली होती आणि युद्धाच्या काळात लाकूड, लोखंड, माणसे सारे लढाईकडे गेले होते. लढून आलेला तरुण, त्याची नवी नवरी आणि तान्हे मूल सासऱ्याच्या घरी एका खोलीत राहू लागले. कित्येकांना लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल बराकींत दिवस काढावे लागले. शिकागो शहरात तर जुने ट्रामचे डबे राहण्यासाठी विकले गेले. श्रीमंत देशातही घराची टंचाई कशी असते, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. टंचाईचा संबंध नेहमी गरिबीशीच असतो असे नाही; कशाला आधी पैसा द्यावयाचा, या निर्णयाशी तो असतो.

तेथील सरकारने निर्णय घेतला. तो दोन पायऱ्यांनी झाला. १९३४ साली घरकर्जाचा विमा उतरवणारे एक सरकारी खाते निघाले. त्यापूर्वी घर घेणाऱ्याला किमतीचा मोठा भाग रोख मोजावा लागे आणि उरलेले कर्ज थोड्या वर्षांत फेडावे लागे. विमा आल्यावर बँकेची भीती गेली आणि वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीची कर्जे मिळू लागली. दुसरी पायरी १९४४ ची. त्या वर्षी जूनमध्ये परतणाऱ्या शिपायांसाठी कायदा झाला आणि त्यांच्या घरकर्जाला सरकार जामीन राहिले. परिणाम पाहा. १९५० या एका वर्षात त्या देशात पंधरा लाखांवर घरांची कामे सुरू झाली. बाजाराने हे केले असे आपल्याला सांगतात. बाजाराने घरे बांधली हे खरे. पण बाजाराच्या पाठीशी सरकार जामीन म्हणून उभे होते, हे सांगावयाचे राहून जाते.

या घरबांधणीतले सर्वांत गाजलेले नाव लेव्हिटाउन. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड म्हणून लांबट बेट आहे. तेथे बटाट्याची शेते होती. अब्राहम लेव्हिट हा वकील आणि त्याची दोन मुले, विल्यम आणि आल्फ्रेड, यांच्या कंपनीने ती शेते घेतली. विल्यम धंदा पाही, आल्फ्रेड घरांचे नकाशे काढी. युद्धकाळात या मंडळींनी व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक येथे युद्धकामगारांसाठी घाईने घरे बांधली होती. तो अनुभव हाताशी होता. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी शिपायांसाठी दोन हजार घरे भाड्याने देण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पहिली कुटुंबे राहावयास आली. १९५१ पर्यंत तेथे सतरा हजारांवर घरे झाली. त्याच मे महिन्यातली एक गोष्ट आम्हांला फार आवडते. तळघर न खणता जमिनीवरच काँक्रीटची लादी ओतून घर उभारावयाचे, तर गावाच्या बांधकाम-नियमांत बदल हवा होता. सुनावणीच्या दिवशी शेकडो शिपाई आणि त्यांच्या बायका नगरसभागृहात येऊन बसल्या. नियम बदलला. गरजू माणसे एकत्र येऊन बसली की नियम बदलतो, याचा हा पुरावा आहे.

आता घर कसे बांधले ते ऐका. येथे आमच्या धंद्यातली मंडळी बसली आहेत, त्यांना यात रस वाटेल. कारखान्यात वस्तू पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. येथे उलट होते. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या घरामागून घर पुढे सरकत. सारे काम सव्वीस-सत्तावीस टप्प्यांत कापलेले होते. एक टोळी लादी ओती, दुसरी सांगाडा उभा करी, एक टोळी फक्त पांढरा रंग देई, दुसरी फक्त तांबडा. लाकूड आधीच मापाने कापून आणलेले असे आणि लॉऱ्या ठराविक अंतरावर प्रत्येक घरासाठी सामानाचा गठ्ठा टाकीत जात. कंपनीने लाकडासाठी स्वतःचे जंगल घेतले आणि खिळेसुद्धा स्वतः पाडले. काम भरात असताना दिवसाला तीसच्या वर घरे पुरी होत. आपल्याकडे एक स्लॅब पडावयाचा तर सेंट्रिंगवाला, सळईवाला, सिमेंटवाला यांच्या वाटा पाहण्यात आठवडा जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचे वजन कळेल.

आणि घर कसे होते? साडेसातशे चौरस फुटांचे. दोन झोपण्याच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वर माळा मोकळा ठेवलेला. पुढेमागे पैसे जमले की तेथे खोल्या काढाव्यात. थंडीसाठी लादीखालून गरम पाण्याच्या नळ्या. चूल, शीतकपाट, कपडे धुण्याचे यंत्र घराबरोबरच मिळे. भोवती साठ फूट रुंद आणि शंभर फूट खोल जागा. वसाहतीत पोहण्याचे नऊ तलाव होते. प्रथम भाडे महिना साठ डॉलर होते. १९४९ साली थोडे मोठे नवे घर सात हजार नऊशे नव्वद डॉलरांस विक्रीस निघाले. शिपायाला आगाऊ रक्कम काही नाही, हप्ता महिना अठ्ठावन्न डॉलर. कारखान्यातल्या साधारण कामगाराच्या एका आठवड्याच्या मजुरीच्या आसपास ही रक्कम येते. घरांसाठी लोकांनी दिवसरात्र रांगा लावल्या.

विद्वान लोकांनी या घरांची पुढे बरीच टवाळी केली. सारी घरे एका साच्यातली, माणसे एका साच्यातली, असे लिहिले गेले. आम्ही त्या टवाळीत सामील होणार नाही. सातजणांनी एका खोलीत रात्र काढावी, थोरल्या भावाचे लग्न झाल्यावर बाकीच्यांनी गॅलरीत पथारी टाकावी, हे ज्याने पाहिले आहे त्याला आपल्या घराचे दार शेजाऱ्याच्या दारासारखे आहे याचे दुःख होत नाही. मधल्या भिंतीचे मोल एका खोलीत वाढलेल्याला विचारावे. लेव्हिटाउनने कामगाराला मधली भिंत दिली, मुलाला अंगण दिले, बाईला नळाखाली उभे राहून कोणाची वाट न पाहता पाणी भरता येईल असे घर दिले. हे मोठे काम होते, आणि त्याला मोठे म्हणताना आमची जीभ कचरत नाही.

मग आमची तक्रार कशाबद्दल? आमची तक्रार घराच्या कागदाबद्दल आहे. घर विटांचे, लाकडाचे असते तसे कागदाचेही असते. आणि भिंती उभ्या राहण्याच्या आधी कागद उभा राहतो. लेव्हिटाउनच्या कागदाला अटी होत्या. काही अटी हसण्यासारख्या होत्या. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अंगणातले गवत कापलेच पाहिजे, कुंपण घालावयाचे नाही, कपडे वाळत घालण्याची दोरी बांधावयाची नाही. फिरत्या छत्रीसारखा सांगाडा चालेल, पण तोही शनिवार-रविवारी बाहेर दिसता कामा नये. आपल्या चाळीत असा नियम निघाला असता तर अर्धी चाळ दंडात गेली असती! पण तीन अटी हसण्यासारख्या नव्हत्या. त्यांतली एकच कागदावर लिहिलेली होती. तीनही सांगतो.

पहिली अट घर बांधणाऱ्याची. या कंपनीने युनियनला थारा दिला नाही. कामगार उक्त्या कामावर होते. जितके काम तितके दाम. मिळकत चांगली होती, हे कबूल केले पाहिजे. पण उक्त्या कामाचा धर्म आम्हांला ठाऊक आहे. काम आहे तोवर दाम आहे. पडलात, आजारी झालात, मंदी आली, की तुमचा आणि मालकाचा काही संबंध नाही. शिवाय गवंड्याची आणि सुताराची विद्या सत्तावीस तुकड्यांत कापली की प्रत्येक तुकडा कोणालाही शिकवता येतो, आणि ज्याचे काम कोणालाही शिकवता येते त्याला कधीही काढता येते. त्याच १९४७ साली अमेरिकेत टॅफ्ट-हार्टली कायदा होऊन युनियनांचे हात बांधले गेले, हा योगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी अट मनाची. तिचा कागद नव्हता. ती हप्त्यात होती. विल्यम लेव्हिटने १९४८ साली म्हटले की ज्याच्या मालकीचे घर आणि जागा आहे तो माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही. त्याला घरचीच कामे फार असतात. मालकवर्गाचा हिशेब इतक्या उघडपणे क्वचित सांगितला जातो. कामगाराच्या पायात वीस वर्षांच्या हप्त्याची बेडी घातली की तो संपाच्या सभेला येणार नाही, असा तो हिशेब. या हिशेबाचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण आपल्या पक्षाला सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे. पेनसिल्व्हेनिया राज्यात पोलादाचा मोठा कारखाना निघाला, त्याच्या आसऱ्याने १९५२ पासून दुसरे लेव्हिटाउन बांधले गेले. तेथे पोलाद कामगारांनी घरे घेतली, हप्ते घेतले. आणि १९५९ साली देशातल्या पाच लाख पोलाद कामगारांनी एकशे सोळा दिवस संप केला! हप्ता होता म्हणून संप थांबला नाही. घर असलेला कामगार लढत नाही हे खोटे आहे. घर आहे म्हणून तो अधिक नेटाने लढतो असे आम्हीही पाहिले आहे. या बाबतीत लेव्हिटचा अंदाज चुकला.

तिसऱ्या अटीत मात्र त्याचा अंदाज चुकला नाही, आणि तेथे कामगारांची मान खाली जाते. पहिल्या लेव्हिटाउनच्या भाडेपट्ट्यात पंचविसावे कलम होते. ठळक अक्षरांत छापलेले. गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणाही माणसाला या घरात राहू देणार नाही, अशी हमी भाडेकरूने द्यावयाची. आणि लगेच पुढे: घरकामाचे नोकर मात्र अन्य वंशाचे ठेवता येतील. सभ्य स्त्री-पुरुषहो, हे दुसरे वाक्य नीट ऐका. कृष्णवर्णीय बाईने त्या घरातली भांडी घासलेली चालतील. त्या घरात तिने स्वतःची चूल मांडलेली चालणार नाही. आपल्या देशात जन्मलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे एका व्यापाऱ्याचे पाप होते असे म्हणून सुटता येत नाही. सरकारी विमा खात्याच्या १९३८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेनेच अशा अटींची शिफारस केली होती. वस्ती एकजात ठेवली तर कर्ज सुरक्षित, असा त्यांचा समज. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांची १९४७ साली पाहणी झाली. माजी शिपायांना सरकारी जामिनावर मिळालेली तीन हजार दोनशे एकोणतीस कर्जे मोजली, त्यांत कृष्णवर्णीयांना मिळालेली दोन. लढाईत गोळी दोघांना सारखीच लागत होती. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असल्या अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत. लेव्हिटाउनच्या कागदावरून कलम गेले. व्यवहारातून गेले नाही. विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू. वंशद्वेषाला माझ्या मनात जागा नाही असे तो म्हणे, पण एक घर कृष्णवर्णीयाला विकले तर शंभरातले नव्वद-पंचाण्णव गोरे गिऱ्हाईक घर घेणार नाहीत, असेही सांगे. आपला नाइलाज गिऱ्हाइकावर ढकलण्याची ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनात विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे तीन लहान मुलांसह राहावयास आले. कंपनीने विकले नाही म्हणून त्यांनी पहिल्या मालकाकडून घर घेतले होते. मायर्स स्वतः माजी सैनिक. बातमी पसरताच घरासमोर शेकडोंचा जमाव जमला. दगड आले, काचा फुटल्या. रात्रीमागून रात्री हा प्रकार चालला. राज्याचे पोलीस बोलवावे लागले. दगड लागून एक पोलीस बेशुद्ध पडला. शेवटी सरकार न्यायालयात गेले आणि दंगेखोरांना मनाई हुकूम मिळाला. मायर्स कुटुंब डगमगले नाही, काही वर्षे तेथेच राहिले. काही शेजाऱ्यांनी त्यांना साथ दिली, रात्री पहारा केला, हेही सांगितले पाहिजे.

पण त्या जमावात कोण होते? ती वस्ती कामगारांची होती. दिवसा कारखान्यात युनियनचा बिल्ला लावणारे हात त्यात नव्हते असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. बांधकामातल्या कित्येक अमेरिकन युनियनांनी वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेतले नाही, हा इतिहास आहे. म्हणजे लेव्हिटने युनियनला दाराबाहेर ठेवले. आणि युनियनांनी त्याच देशबांधवाला आपल्या दाराबाहेर ठेवले.

येथे आम्हांला आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुसऱ्याच्या देशाचे दोष मोजून टाळ्या घेणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधल्या चाळीसएक सभासदांनी मिळून नियोजित गृहनिर्माण संस्था काढावयाचे ठरवले. गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर. सारे हातावर पोट असलेले. शहराबाहेर जागा पाहिली. नावांची पहिली यादी वाचावयाला सभा बसली. यादीतल्या तीन नावांवर कोणी तरी म्हणाले, "यांचे पुढच्या टप्प्यात बघू." दुसरा म्हणाला, "त्यांचे खाणेपिणे वेगळे, उगाच बायकांत कुरबुरी होतील." त्या तीन कुटुंबांची जात आणि धर्म आम्ही येथे उच्चारीत नाही, आपण ओळखले असेलच. सभेचे अध्यक्ष आम्ही होतो. तीस वर्षे मजुरांच्या सभांत आम्ही समतेवर बोललो आहो. त्या संध्याकाळी आम्ही गप्प बसलो. योजना मोडू नये, आधी घरे होऊ द्यावी, मग पाहू, असे आम्ही मनाशी म्हटले. तीन नावे खोडली गेली.

घरे झाली. त्या तिघांतला एक गवंडी होता, गिलाव्याच्या कामात नावाजलेला. ठेकेदाराने गिलाव्याचे काम उक्ते दिले ते नेमके त्यालाच. एके दिवशी आम्ही काम पाहावयास गेलो. तो पालथ्या डब्यावर उभा राहून भिंतीला ओळंबा लावीत होता. आम्हांला पाहून खाली उतरला, नमस्कार केला आणि म्हणाला, "भाऊ, भिंत ओळंब्यात आहे ना, तेवढे बघून घ्या." त्याने दुसरे काही म्हटले नाही. आम्ही भिंत पाहिली. भिंत ओळंब्यात होती.

लेव्हिटाउनचे पंचविसावे कलम आम्ही पुढे वाचनालयात वाचले, तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ते कलम लिहिणारा कोणी राक्षस असेल असे आम्हांला वाटले नाही. 'आधी घरे होऊ द्या, मग पाहू' असे म्हणणारा कोणी तरी असेल. या 'मग पाहू'ची किंमत अमेरिका आजही मोजते आहे. पुढे न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेव्हिटाउनात कृष्णवर्णीयांनी न्यायालयात लढून १९६० साली प्रवेश मिळवला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात घरांच्या व्यवहारातील भेदभावाविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. पण तोवर वीस वर्षे गेली होती. आठ हजार डॉलरांना मिळालेल्या घरांची किंमत आज पाच लाखांच्या पुढे गेली आहे. ज्याला १९४९ साली आत घेतले त्याच्या मुलांना ती मालमत्ता मिळाली, त्यावर त्यांची शिक्षणे झाली. ज्याला बाहेर ठेवले त्याच्या मुलांना भाड्याच्या पावत्या मिळाल्या. पहिल्या लेव्हिटाउनात कृष्णवर्णीयांची वस्ती आजही फार थोडी आहे. अट कागदावरून गेली तरी जमिनीत मुरून राहते, ती अशी.

मग दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि तो त्याच न्यूयॉर्क शहरात होता. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या एका युनियनने १९२७ सालीच ब्राँक्स भागात सभासदांसाठी सहकारी घरे बांधली होती. त्या कामातला पुढारी अब्राहम काझान. पुढे याच चळवळीतून, स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनच्या पुढाकाराने, मॅनहॅटनमध्ये पेन साउथ ही वसाहत उभी राहिली. दहा इमारती, दोन हजार आठशे वीस घरे. १९६२ च्या मे महिन्यात अध्यक्ष केनेडी तिच्या समारंभाला आले. त्या वसाहतीच्या कागदाच्या अटी वेगळ्या होत्या. घर सोडताना सभासदाने आपले घातलेले पैसे घ्यावे, बाजारभावाने विकून नफा करू नये; म्हणजे मागून येणाऱ्या कामगारालाही ते घर परवडावे. नफ्यावर विक्रीची मोकळीक घ्यावी काय, हा प्रश्न पुढे सभासदांपुढे पुन्हा पुन्हा आला आणि त्यांनी मते देऊन तो मोह नाकारला. आणि रंगाची अट तेथे नव्हती. कृष्णवर्णीय कामगारांचे थोर पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ आणि बेयर्ड रस्टिन हे दोघेही त्याच वसाहतीत राहिले. ही वसाहतही निर्दोष नव्हती. ती जेथे उभी राहिली तेथल्या जुन्या वस्तीतली गरीब कुटुंबे हटवली गेली. आमच्या पक्षाचे म्हणून आम्ही ते लपवणार नाही. पण एक गोष्ट तिने सिद्ध केली. कागद लिहिताना कामगार टेबलाशी बसला, तर अटी बदलतात.

आता आपल्याकडे येतो आणि आवरते घेतो. लेव्हिटाउन उभे राहत होते त्याच वर्षांत आपल्या राज्यातही हा प्रश्न हाती घेतला गेला. १९४८ साली मुंबई गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला, १९५२ पासून केंद्राच्या मदतीची औद्योगिक कामगारांच्या घरांची योजना सुरू झाली आणि विक्रोळीच्या कन्नमवारनगरासारख्या वसाहती पुढे उभ्या राहिल्या. आज त्याच जुन्या वसाहतींचा पुनर्विकास चालू आहे. कागद पुन्हा लिहिला जातो आहे. खोल्या किती चौरस फुटांच्या, काम रखडले तर भाडे कोण देणार, हे आपण विचारतो, आणि विचारावेच. पण आणखी दोन प्रश्न विचारा. हे घर बांधणाऱ्या मजुराची बांधकाम कामगार म्हणून नोंद झाली आहे काय? आणि या इमारतीत भाड्याने जागा मागावयास आलेल्या माणसाला प्रथम त्याचे आडनाव विचारले जाणार आहे काय? आमच्या तरुणपणी खोली शोधताना आम्हांला दारात पहिला प्रश्न आडनावाचाच येई. आजही कित्येक दारांत तोच प्रश्न येतो, हे येथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे.

आम्ही आमच्यापुरते एक केले. दोन वर्षांपूर्वी युनियनने दुसरी संस्था काढली. यादी वाचण्याआधी आम्ही उभे राहिलो आणि नावे फक्त नोंदणीच्या क्रमाने घ्यावयाची, दुसरे कोणतेही कारण ऐकले जाणार नाही, हा ठराव प्रथम मांडला. कुरकूर झाली, दोघेजण उठून गेले, ठराव मंजूर झाला. तो गिलाव्याचा गवंडी यादीत नवव्या क्रमांकावर आहे. आम्ही त्याच्याकडे जाऊन जुन्या गोष्टीबद्दल माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, घर होऊ द्या, मग बोलू." त्याच्या तोंडी ते शब्द ऐकून आम्ही खाली पाहिले. त्याला 'मग' म्हणण्याचा हक्क आहे, आम्हांला नाही. घर अजून व्हावयाचे आहे. जागेचे कागद चालू आहेत.

एवढेच सांगावयाचे होते.